हातची ईद कार्डे

आम्ही दोघी जावा गेली सहा वर्षे ईदची कार्डे घरीच, हाताने तयार करतो. शाबान महिना लागला की रात्रीची भांडी आवरल्यावर दस्तरखान उचलला जातो आणि त्या जागी कात्री, खळीची वाटी, जुन्या लग्नपत्रिका आणि रंगीत कागद येतात. मुले भोवती बसतात. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, दिवाणावर टेकून बघतात आणि सूचना करतात. रमजानचे शेवटचे दहा दिवस इबादतीसाठी मोकळे हवेत, म्हणून पंधराव्या रोज्याच्या आत सगळी कार्डे टपालपेटीत पडली पाहिजेत, असा आता घरचा नियमच झाला आहे. साधारण तीस-पस्तीस कार्डे होतात. दुकानातल्या कार्डांसारखी ती चकचकीत नसतात. आम्ही ती मुद्दाम जुन्या वळणाची करतो. जाड, थोडा पिवळसर कागद, मध्ये कमान, कमानीत चंद्रकोर, भोवती वेलबुट्टी आणि आत हाताने लिहिलेल्या चार ओळी.

"फोनवरून एका मिनिटात शंभर जणांना ईद मुबारक करता येते, मग हा खटाटोप कशाला?" असे शेजारणी विचारतात, नातेवाईकही विचारतात. प्रश्न बरोबर आहे. फोनवरून आम्हीही मुबारकबाद देतो. त्यात वाईट काही नाही. पण या छंदाची सुरुवात कार्डे पाठवण्याच्या हौसेतून झालेली नाही. आमच्याकडे आलेली जुनी कार्डे आम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून तो सुरू झाला.

अम्मींच्या माहेरून आलेली एक लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात दुलईच्या खाली, जुन्या ओढणीत बांधलेली, साठ-सत्तर ईद कार्डे आहेत. त्यांच्या भावांनी, बहिणींनी, एका खालाने हैदराबादहून, मुंबईहून, सोलापूरहून पाठवलेली. कुणावर गुलाबाचा गुच्छ, कुणावर काबा शरीफ, कुणावर ताजमहाल, दोन-तीनांवर त्या काळच्या नट-नट्याही. काहींचे काठ लेससारखे कापलेले, काहींवर सोनेरी उठावदार अक्षरे. चित्रे बघून मुले खूश झाली. पण कार्ड उघडले की आत सगळी उर्दू. आम्ही दोघी मराठी शाळेत शिकलो. आमची मुले काही मराठी, काही इंग्रजी माध्यमात आहेत. कुरआन शरीफ सगळ्यांना वाचता येते, कारण तिथे अक्षरे सुटी, ठसठशीत असतात आणि जेर, जबर, पेश दिलेले असतात. हाताने लिहिलेल्या उर्दूत हे काहीच नसते. अक्षरे एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी तिरपी उतरत जातात, नुक्ते कुठे पडतील याचा नेम नाही. ओळखीची अक्षरे असूनही आम्हाला एक ओळ धड लागेना.

मग अम्मींनी चष्मा मागवला आणि एकेक कार्ड वाचून दाखवू लागल्या. बहुतेकांत नेहमीचेच होते: ईद मुबारक, सगळ्यांना सलाम, लहानांना प्यार. पण त्यांच्या थोरल्या भावाचे एक कार्ड निघाले. नोकरी लागून ते नुकतेच मुंबईला गेले होते. त्यांनी लिहिले होते की यंदा सुट्टी मिळाली नाही, ईदची नमाज इथेच पढेन, माझ्या वाटचा शीरखुर्मा लहान्याला द्यावा. अम्मी वाचता वाचता थांबल्या. तो 'लहाना' आज स्वतः आजोबा आहे आणि शीरखुर्मा पाठवणारे मामू जाऊन बारा वर्षे झाली. इतक्या वर्षांत ही ओळ पुन्हा कुणी वाचलीच नव्हती. त्या रात्री आमच्या लक्षात आले की अम्मी नसत्या तर ही ट्रंक आमच्यासाठी नुसत्या चित्रांची पेटी राहिली असती. घरात चार पिढ्यांची माणसे बोलत होती आणि आम्हाला ऐकू येत नव्हते.

म्हणून आम्ही ठरवले की आधी ही कार्डे नीट बघायची, समजून घ्यायची आणि मग तशीच करायला शिकायचे. शिकताना कळलेल्या गोष्टी इथे सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी ट्रंक, एखादा डबा असेलच.

छापील शुभेच्छापत्राची चाल तशी विलायतेची. १८४३ साली लंडनमध्ये नाताळचे पहिले विक्रीचे कार्ड निघाले. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून सरकारी पोस्टकार्ड सुरू झाले, किंमत पाव आणा. रेल्वे वाढली, टपाल गावोगाव पोहोचू लागले, नोकरीसाठी माणसे घरापासून लांब गेली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विसाव्याच्या सुरुवातीला लाहोर, दिल्ली आणि आपल्या मुंबईच्या प्रकाशकांनी ईद कार्डे बाजारात आणली. सुरुवातीला तर काही व्यापारी युरोपातून आलेल्या कार्डांवरच वरून उर्दूत 'ईद मुबारक' छापून ती विकत. त्यामुळे काही जुन्या कार्डांवर बर्फाळ देखावा आणि त्याखाली ईदची मुबारकबाद असा गमतीदार मेळ दिसतो.

या कार्डांवरचे अक्षर इतके देखणे का, याचे कारण छपाईत आहे. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईत बसवणे अवघड, कारण तिचे शब्द सरळ रेषेत न चालता वरून खाली उतरतात. म्हणून उर्दू छपाई मुख्यतः शिळाप्रेसवर होई. कातिब तेलकट शाईने खास कागदावर लिही, ते अक्षर शिळेवर उतरवत आणि मग छापत. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. म्हणजे कार्ड हजारांनी छापलेले असले तरी मुळात ते कुणाच्या तरी हातचे अक्षर असे. १९८१ साली नूरी नस्तालीक ही संगणकावरची लिपी आली तोवर उर्दू वर्तमानपत्रांची पानेही कातिबच लिहून काढत. हे कळल्यावर आम्हाला जुन्या कार्डाकडे बघण्याची वेगळी नजर मिळाली. जुनेपणा कागदाच्या पिवळ्या रंगात फारसा नसतो. तो त्या अक्षरामागच्या हातात असतो.

तरी कागदाशिवाय काही होत नाही, आणि कागदाच्या बाबतीत आपण मराठवाड्याची माणसे नशीबवान आहोत. दौलताबादहून खुलताबादला जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कारागीरही आले. त्यातल्या कागद करणाऱ्यांनी हे गाव वसवले असे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. चिंध्या, जुनी गोणपाटे चुन्याच्या पाण्यात भिजवायची, कुटून लगदा करायचा, हौदात ढवळून जाळीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ती रीत. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाची नावे मराठ्यांच्या दफ्तरांत येतात. दख्खनची हस्तलिखिते आणि सनदा अशाच कागदावर लिहिल्या गेल्या. हा कसब जपणारी घराणी आपलीच, मुसलमान कागजी. हे आमच्या मुलांना कार्डाचा कागद आणायला गेल्यावरच पहिल्यांदा समजले, कारण शाळेच्या पुस्तकात ते नाही.

चिंध्यांचा कागद टिकतो का, याचेही साधे कारण आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन नावाचा पदार्थ राहतो. हवा आणि उजेड लागून तोच कागद पिवळा, मग ठिसूळ करतो. वर्तमानपत्र उन्हात दोन दिवस ठेवून बघा. कापसाच्या धाग्यात तो जवळजवळ नसतो. म्हणून कार्ड पन्नास वर्षे टिकावे असे वाटत असेल तर हातकागद घ्यावा. तो मिळाला नाही तर स्टेशनरीच्या दुकानात २५० ग्रॅमचा साधा, पांढराफेक नसलेला ड्रॉइंगचा कागद मिळतो, तोही चालतो.

आता प्रत्यक्ष कृती. ए-४ आकाराचा ताव मधून कापला की दोन कार्डे होतात. प्रत्येक तुकडा घडी घातल्यावर पोस्टकार्डाएवढा दिसतो. अशा एका कार्डाचे वजन आठ ग्रॅमच्या आसपास भरते. पाकीट आणि वरची सजावट धरूनही ते वीस ग्रॅमच्या आत राहते, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात जाते. कारखान्यात झालेल्या कागदाला एक दिशा असते. त्या दिशेने घडी सरळ बसते, आडवी घातली तर फाटल्यासारखी उकलते. दिशा ओळखायची असेल तर कागदाच्या कोपऱ्याचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करावा. तो ज्या बाजूने नळीसारखा वळतो, त्या नळीची लांबी ही कागदाची दिशा. घडीवर आधी न चालणाऱ्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ मारावी, मग दुमडावे आणि चमच्याच्या पाठीने घोटावे.

जुनाट रंगासाठी लोक कागदाला चहाचे पाणी लावतात. आम्हीही लावतो. दोन चमचे चहापत्ती अर्धा कप पाण्यात उकळून, गाळून, पूर्ण गार झाल्यावर रुंद ब्रशने एकच हात फिरवायचा आणि दोरीवर चिमट्याने वाळत घालायचे. वाळल्यावर कागद वाकडा होतो. त्यावर जाड पुस्तके ठेवून एक रात्र दाबावे. लिहिणे आणि चिकटवणे त्यानंतरच, नाहीतर शाई फुटते. काठ जुन्यासारखे हवे असतील तर कात्री लावू नये. पट्टी धरून पाण्याच्या ब्रशने रेघ ओढावी, मिनिटभर थांबून कागद हळूच फाडावा. हातकागदासारखी रेशेदार कड निघते.

चिकटवण्यासाठी फेविकॉल सोपा पडतो, पण मोठ्या कागदावर त्याच्या गुठळ्या दिसतात. आम्ही मैद्याची खळ करतो. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, चिमूटभर तुरटी घालायची. जिल्दसाज तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या हातात खळ जाणार असेल तर घालू नये. खळ दोन दिवसांत वापरून संपवावी.

सजावटीचे सामान विकत आणायची गरज फारशी पडत नाही. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांचा जाड कागद, सोनेरी काठ, उठावाची वेलबुट्टी यांची पाने-फुले फार छान निघतात. मात्र त्यांवर बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेली असते. आम्ही तेवढा भाग सर्वांत आधी कापून वेगळ्या पाकिटात ठेवतो आणि ते पाकीट मशिदीत अशा कागदांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकतो. त्याच कारणाने आमच्या कार्डांवर आम्ही आयत लिहीत नाही. कार्ड कुणाच्या हातून कुठे पडेल सांगता येत नाही, म्हणून वर फक्त ईद मुबारक. जुन्या ओढणीची किनार, जरीचा धागा, दुपट्ट्याचा गोटा हेही चमकीपेक्षा सुंदर दिसतात. चंद्रकोरीच्या मागे पतंगाचा पातळ कागद लावला तर कार्ड उजेडात धरल्यावर खिडकीसारखे उजळते. फक्त त्या कागदाचा रंग ओलाव्याने उतरतो, म्हणून खळ अगदी पातळ आणि कडेकडेलाच लावावी.

जाळी कापणे हे मुलांच्या आवडीचे काम. एक चौकोन काढायचा, त्याच मध्यावर दुसरा तेवढाच चौकोन अर्धा काटकोन फिरवून काढायचा, की आठ टोकांचा तारा तयार. औरंगाबादला बीबी का मकबरा बघताना मुलांनी कबरीभोवतीची संगमरवरी अष्टकोनी जाळी पाहिली होती. घरी आल्यावर आमच्या नववीतल्या मुलीने वहीत तसे नमुने काढले आणि भूमितीचा कंपास पहिल्यांदाच कुणी न सांगता बाहेर निघाला. कागद आठ पदरी दुमडून त्यावर हे नमुने कापले की उघडताना सगळ्यांचेच डोळे त्याच्याकडे लागतात.

आणि अबरी. जुन्या हिशेबाच्या वह्यांच्या आत ढगांसारखा, लाटांसारखा रंगीत कागद आपण पाहिलेला असतो, तो हा. फारसीत अब्र म्हणजे ढग. ही कला मध्य आशियातून इराण, तुर्कस्तानात आणि आपल्या दख्खनमध्येही रुजली. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरच्या चित्रकारांनी अबरीतून घोडे आणि माणसे उभी केली. घरी तिची सोपी रीत अशी: पसरट ट्रेमध्ये पातळ खळ दोन बोटे भरायची, तैलरंग टर्पेंटाइनमध्ये दुधाइतके पातळ करून ब्रशने थेंब शिंपडायचे, विणकामाच्या सुईने किंवा केसांच्या फणीने रेषा ओढायच्या आणि कागद अलगद वर टेकवून उचलायचा. पाण्याने हलकेच धुऊन वाळवायचा. प्रत्येक कागद वेगळा निघतो. हवा तसा दुसरा काढता येत नाही. ट्रे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि टर्पेंटाइन गॅसजवळ नेऊ नये. कार्डाला आतून असे अस्तर लावले तर उघडणारा क्षणभर काही बोलत नाही, असा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या वळणाच्या सजावटीसाठी काही जण खरी जुनी कार्डे, पत्रे, निकाहनामे कापून वापरतात. असे करू नये. झेरॉक्स काढावी आणि ती कापावी. झेरॉक्सची काळी छपाई पाण्याने पसरत नाही, त्यामुळे तिला चहाचा हात देऊन हुबेहूब जुना रंगही आणता येतो. मूळ कागदाला प्लास्टिकचे लॅमिनेशनही करू नये. एकदा चिकटलेले ते काढता येत नाही. कोरड्या सुती कापडात, ओल नसलेल्या जागी ठेवावे, इतके पुरते.

हे सगळे झाल्यावर कार्डात लिहायचे काय आणि कोणत्या लिपीत, हा प्रश्न पहिल्याच वर्षी समोर आला. आमची पुतणी म्हणाली, मराठीतच लिहू, सगळ्यांना कळते. अम्मी गप्प राहिल्या. त्यांच्या बहिणीला हैदराबादला मराठी वाचता येत नाही आणि आम्हाला उर्दू लिहिता येत नाही; मधे उभ्या एकट्या अम्मी. शेवटी असे ठरले की उजव्या पानावर अम्मींनी उर्दूत लिहायचे आणि डाव्या पानावर मुलांनी त्याचाच मजकूर मराठीत. अम्मी लिहीत असताना मुलांनी शेजारी बसून बघायचे आणि निदान ज्याला कार्ड जाणार त्याचे नाव उर्दूत स्वतः लिहायचे.

त्यासाठी बोरू आणला. अब्बांच्या लहानपणी मराठी शाळेतही पोरे बोरूनेच कित्ता गिरवीत, मदरशातही तोच. बोरू तिरपा छाटायचा, टोकाला मधोमध बारीक चीर द्यायची, दौतीत कापसाचा बोळा ठेवायचा म्हणजे शाई जास्त येत नाही. त्याच एका बोरूने आमच्याकडे आता डावे पान आणि उजवे पान दोन्ही लिहिले जाते. मुलगा देवनागरीच्या रेघेवर अडखळतो, मुलगी नस्तालीकच्या उतारावर. पहिल्या वर्षी मुलांना फक्त 'ईद मुबारक' आणि आपापले नाव जमले. दुसऱ्या वर्षी मामू, खाला, फुफी आले. मग एकदा रमजानच्या दुपारी नववीतली मुलगी ट्रंकेतले एक कार्ड घेऊन आली आणि एकेक अक्षर जोडत म्हणाली, "दादी, इथे 'लहान्या'चे नाव आहे ना?" अम्मींनी मान हलवली. पुढचे शब्द तिला लागले नाहीत, पण नाव लागले.

गेल्या वर्षी अम्मींच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. नजर परत आली, पण हात आता कापतो. पूर्वी तीसही कार्डे त्या लिहीत. आता आठ-दहा झाली की बोरू खाली ठेवतात. त्यांचे अलिफ आता सरळ उभे राहत नाही, थोडे थरथरत उतरते. मोठ्या दिरांनी सुचवले की एक कार्ड नीट लिहून घ्या आणि बाकीच्यांवर छापा. आम्ही दोघींनी ते मान्य केले नाही. खालाला बहिणीच्या हाताचे कापणे कळले पाहिजे. बहिणीची तब्येत कशी आहे, हे चार ओळींपेक्षा त्या एका अलिफातून जास्त समजते. झालेही तसेच. कार्ड पोहोचल्यावर आठवड्याभरात हैदराबादहून फोन आला आणि मग खाला स्वतः, मुलाला घेऊन, चार दिवस येऊन राहिल्या. दोघी बहिणी अकरा वर्षांनी एका खोलीत झोपल्या. त्यांच्या बोलण्यात कार्डाचा विषय निघाला नाही, निघण्याची गरजही नव्हती.

कुणी म्हणते, एवढी सुंदर कार्डे करता तर विकत का नाही? विकण्यात कमीपणा काहीच नाही. घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या आपल्या भगिनींनी ही कला जरूर कमाईला लावावी, अबरीच्या वह्या आणि पाकिटांना मागणीही असते. आमचे मात्र ईद कार्ड विकायला मन होत नाही. कागद निवडतानाच ते कुणासाठी आहे हे ठरलेले असते. फुफीला हिरवा रंग आवडतो, मुंबईच्या भाच्याला जाळी हवी असते, गावाकडच्या चाचांची नजर मंद आहे म्हणून त्यांचे अक्षर मोठे. नाव आधी, कार्ड नंतर. ज्यांना हवे असते त्यांना आम्ही शिकवतो. मोहल्ल्यातल्या पाच-सहा मुली दर शाबानला येऊन बसतात, आपापल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाची एक ओळ लिहून आणणे एवढीच त्यांची फी.

आपणही या रमजानमध्ये करून पाहा. तीस कार्डांचा घाट घालू नका; एकच करा. घरात दादी, नानी, दादा, नाना जे कुणी असतील त्यांच्यासमोर कागद ठेवा आणि त्यांना ज्या लिपीत येते त्या लिपीत दोन ओळी लिहायला सांगा. उर्दू असो, मोडी असो, नाहीतर जेमतेम शिकलेली मराठी असो. त्या ओळी त्यांच्याकडून वाचून घ्या, मुलांना त्याखाली आपल्या अक्षरात उतरवू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. आमच्या ट्रंकेत शाईचा असा एक ठसा आहे आणि तो कुणाचा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि कार्डाच्या मागच्या बाजूला गावाचे नाव, तारीख आणि हिजरी सन लिहा. ट्रंकेतल्या निम्म्या कार्डांवर ते नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते कार्ड उघडेल, तेव्हा त्याला विचारायला आपण नसू, इन्शाअल्लाह वाचता मात्र येईल.